खाणी भरलेल्या, बाजार रिकामा : २००८ची फॉस्फेट टंचाई

२००६ साली मोरोक्कोत जहाजावर चढवलेले एक टन रॉक फॉस्फेट (ज्यापासून स्फुरदाचे, म्हणजे फॉस्फरसचे, खत बनते तो खडक) सरासरी ४४ डॉलरला पडत होते. २००७ची सरासरी ७१ डॉलर झाली. २००८च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भाव ४३० डॉलरवर गेला आणि २००९ची सरासरी पुन्हा १२२ डॉलरच्या आसपास उतरली. एवढ्या अवधीत पृथ्वीच्या पोटातले फॉस्फेट दहापटीने आटले आणि मग पुन्हा भरले, असे काही झाले नव्हते. तरीही त्या वर्षीच्या लेखांचा, परिषदांचा सूर एकच राहिला : स्फुरद संपत चालले आहे.

ते प्रकरण पुन्हा उघडून बघावेसे वाटते ते याचसाठी. २००८ची टंचाई खोटी मुळीच नव्हती. तिने सरकारी तिजोऱ्या पोखरल्या, खतासाठी रांगा लावल्या, काही ठिकाणी जीवही घेतले. पण खाणींत माल होता. विकणारे मोजके होते, त्यांतला एक अचानक बाजारातून उठला आणि त्याची जागा घ्यायला दुसरे कोणी तयार नव्हते. हे नीट न उलगडल्यामुळे पुढची दहा-बारा वर्षे चर्चा 'किती वर्षे पुरेल' याच प्रश्नाभोवती घुटमळत राहिली, आणि २०२१मध्ये जवळपास त्याच जागी पुन्हा ठेच लागली.

पार्श्वभूमी

नत्राचे बरे असते. हवेत ते ७८ टक्के आहे. हाबर-बॉश प्रक्रियेने, ऊर्जा खर्च करायची तयारी असेल तर, कोणताही देश ते खतात उतरवू शकतो. स्फुरदाला हवेतून येणारी वाटच नाही. डीएनए, पेशीत ऊर्जा वाहून नेणारे एटीपी, पेशीपटल, हाडे या सगळ्यांना ते लागते आणि त्याच्या जागी दुसरे मूलद्रव्य चालत नाही. निसर्गात ते खडक झिजून मातीत येते, पाण्याबरोबर समुद्रात जाते, तळाशी बसते, आणि कोट्यवधी वर्षांनी तो तळ वर उचलला गेला की पुन्हा जमिनीवर येते. शेतीला एवढा दम नाही. १८४२मध्ये इंग्लंडात जॉन बेनेट लॉज यांनी सुपरफॉस्फेटचे पेटंट घेतले, तेव्हापासून आधी हाडे आणि मग खडक आम्लात टाकून पिकाला पचेल अशा रूपात आणणे हाच मार्ग राहिला आहे.

२००८च्या आधीची दोन-अडीच दशके या धंद्यात मरगळ होती. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथला खतवापर एकदम घसरला आणि जगभर माल पडून राहिला. रॉक फॉस्फेट वर्षानुवर्षे ४०-४५ डॉलरच्या पुढे सरकेना. अशा भावात नवी खाण किंवा नवा आम्ल-कारखाना उभारायला कोण पैसे घालणार? फॉस्फेटच्या खाणीला शोध, परवाने, रेल्वे, बंदर, आम्लाची सोय असे सगळे जमवायला दहा वर्षे सहज जातात. म्हणजे २००८मध्ये जी क्षमता हाताशी हवी होती तिचा निर्णय १९९८च्या आसपास व्हायला हवा होता, आणि तेव्हा तो घेण्याचे कोणालाही कारण नव्हते. स्वस्ताईने टंचाईची तयारी अशी आधीच करून ठेवली होती.

दुसरी गोष्ट बाजाराच्या रचनेची. २००८मध्ये जगभरात सुमारे १६ कोटी टन रॉक फॉस्फेट निघाले. त्यातले जवळपास दोन तृतीयांश चीन, अमेरिका आणि मोरोक्को या तिघांचे. पण अमेरिका आपला खडक घरातच खतात बदलत होती, वर मोरोक्कोकडून आयातही करत होती. चीनचा बराचसा माल चिनी शेतातच जिरत होता. खडक म्हणून देशाची सीमा ओलांडणारा माल एकूण उत्पादनाचा लहानसा हिस्साच होता आणि त्यात मोरोक्कोची सरकारी ओसीपी ही कंपनी सर्वांत मोठी विक्रेती. इतक्या उथळ बाजारात थोडी खळबळ झाली तरी भाव किती हलेल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

सगळे एकाच वेळी

डिसेंबर २००७मध्ये अमेरिकेने जैवइंधनाचे उद्दिष्ट वाढवणारा ऊर्जा कायदा केला. त्याच्या आधीच, २००७च्या हंगामात, तिथे जैवइंधनासाठी लागणारा मका ९ कोटी ३५ लाख एकरांवर गेला होता. १९४४नंतरचा तो सर्वांत मोठा पेरा. धान्याचे भाव चढले, तसे जगभरचे शेतकरी खताकडे धावले. जुलै २००८मध्ये कच्चे तेल पिंपामागे १४७ डॉलरला जाऊन भिडले. जहाजभाडे, अमोनिया, सगळेच वर.

यातली सर्वांत कमी बोलली गेलेली कडी गंधकाची. माझ्या मते हे प्रकरण समजून घ्यायचे तर नजर खडकापेक्षा गंधकावर जास्त ठेवायला हवी. खडकातले फॉस्फेट खतात आणायला गंधकाम्ल लागते, आणि एक टन फॉस्फेटसाठी (खतांच्या हिशेबात ते फॉस्फरस पेंटॉक्साइड म्हणून मोजतात) साधारण एक टन गंधक खर्ची पडते. हे गंधक आज मुख्यतः तेल आणि वायू शुद्ध करताना मिळते. म्हणजे ते दुसऱ्याच धंद्याचा जोडमाल आहे. खताची मागणी दुप्पट झाली म्हणून कोणी तेलशुद्धी दुप्पट करत नाही. त्यामुळे मागणी थोडी वाढली की गंधकाचा भाव अक्षरशः सुटतो. २००८च्या मध्यावर तो टनाला ८०० डॉलरच्या घरात होता. वर्ष संपताना ५० डॉलरच्याही खाली.

एक हिशेब करून बघण्यासारखा आहे. डीएपी, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट, या खतात ४६ टक्के फॉस्फेट आणि १८ टक्के नत्र असते. एक टन डीएपीला ढोबळमानाने १.६ टन खडक, ४५० किलोच्या आतबाहेर गंधक आणि २२० किलो अमोनिया लागतो. २००८च्या शिखरावरचे भाव घाला : खडक ६९० डॉलर, गंधक ३६० डॉलर, अमोनिया शंभर-सव्वाशे. बेरीज ११५० ते १२००च्या दरम्यान येते आणि त्या उन्हाळ्यात डीएपी विकले जात होते तेही साधारण १२०० डॉलरला. भाव सट्टेबाजांनी फुगवला, अशी ओरड तेव्हा खूप झाली. पण खडक, गंधक, अमोनिया सगळे बाजारातून घेणाऱ्या कारखान्याकडे बघितले तर त्या भावात त्याच्या हाती काहीच उरत नव्हते. नफा कोणाला झाला हेही याच हिशेबातून कळते : ज्याची खाण स्वतःची, त्याचा खडक पूर्वीच्याच खर्चात निघत होता आणि विक्री नव्या भावाने होत होती.

आता चीन. आपल्या शेतकऱ्याला खत महाग पडू नये म्हणून चीन सरकारने एप्रिल २००८मध्ये फॉस्फेट खतांवरचे निर्यात शुल्क १३५ टक्क्यांपर्यंत नेले. त्याला शुल्क म्हणणे हा सभ्यपणा झाला. ती दारबंदीच होती. पुढच्याच महिन्यात, १२ मे रोजी, सिचुआनमध्ये मोठा भूकंप झाला. सिचुआन हा चीनच्या फॉस्फेट पट्ट्यातला प्रांत, आणि तिथल्या शिफांगमधले रासायनिक कारखाने कोसळले. बंद दाराच्या आतही माल कमी झाला.

सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली. धान्याचे भाव उतरले, कर्जे थांबली, खतविक्रेत्यांनी खरेदी बंद केली. महाग मालाने भरलेली गोदामे घेऊन व्यापारी बसले. २००९मध्ये डीएपीची सरासरी ३२५ डॉलरच्या आसपास राहिली. ज्या धंद्यात वर्षभरापूर्वी माल मिळत नव्हता, तिथे आता कारखाने बंद ठेवायची वेळ आली.

एकच धक्का, तीन शेते

या प्रकरणातला मला सर्वांत बोलका वाटणारा भाग इथे आहे. सर्वांना भाव एकच होता, पण तो निरनिराळ्या शेतांत निरनिराळा पोहोचला.

अमेरिकेत खताचा भाव बाजाराचाच. तो शेतकऱ्यापर्यंत जसाच्या तसा गेला आणि त्याने हात आखडता घेतला. २००९च्या हंगामात तिथला फॉस्फेटचा वापर ठळकपणे घसरला. उत्पादन पडेल अशी भीती होती. प्रत्यक्षात २००९मध्ये मक्याचे एकरी उत्पादन तोपर्यंतच्या विक्रमावर गेले. हवामानाने साथ दिली हे खरे, पण तेवढेच कारण नव्हे. तिथल्या बऱ्याच जमिनींत आधीच्या चाळीस-पन्नास वर्षांत पिकाच्या गरजेपेक्षा जास्त स्फुरद पडले होते. मातीत टाकलेल्या स्फुरदातला बराच भाग त्या वर्षी पिकाला मिळत नाही; तो मातीच्या कणांना धरून बसतो आणि पुढे हळूहळू सुटत राहतो. ही बँकेतल्या ठेवीसारखी गोष्ट आहे : पगार एखादे वर्ष थांबला तरी घर चालते. अमेरिकी शेतकऱ्याने २००९मध्ये ठेवीतून काढले.

भारतात भाव शेतकऱ्यापर्यंत पोहोचलाच नाही. डीएपीची किंमत टनाला ९३५० रुपये बांधलेली होती आणि जगात १२०० डॉलर चालले होते. मधला फरक सरकार भरत होते. खत अनुदानाचा खर्च २००७-०८मधल्या ४३ हजार कोटींवरून एका वर्षात लाख कोटींच्या जवळ गेला. भाव स्थिर म्हणून मागणी कमी व्हायचे कारण नाही. उलट धान्याला भाव होता म्हणून ती वाढली. आणि भारत हा जगातला डीएपीचा सर्वांत मोठा आयातदार असल्यामुळे हीच न हलणारी मागणी जागतिक भाव वर ढकलत होती. खत वेळेवर पोहोचेना तेव्हा तुटवडा रांगांत दिसला. कर्नाटकात हावेरीला जून २००८मध्ये खतासाठी रस्त्यावर आलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. किंमत बांधून शेतकऱ्याला धक्क्यापासून वाचवता येते, हा समज त्या एका महिन्यात खोटा ठरला. धक्का फक्त दुसऱ्या दाराने आत आला.

या अनुभवातून भारताने १ एप्रिल २०१०पासून अन्नद्रव्याधारित अनुदान आणले : अनुदान ठरावीक, किंमत मोकळी. कल्पना बरी होती. पण युरिया त्यातून वगळला. स्फुरद आणि पालाश महागले, युरिया जागेवर राहिला, आणि शेतकऱ्याने जे स्वस्त ते जास्त टाकले. नत्र-स्फुरद-पालाश यांचे प्रमाण २००९-१०मधल्या ४.३:२:१ वरून २०१२-१३मध्ये ८.२:३.२:१ वर गेले. धोरण अर्धे बदलले की असे होते. (मे २०२१मध्ये जागतिक भाव पुन्हा चढले तेव्हा डीएपीच्या पिशवीवरचे अनुदान ५०० वरून १२०० रुपयांवर नेण्यात आले. किंमत मोकळी सोडण्याचा धीर अकरा वर्षे टिकला.)

तिसरे शेत सहाराच्या दक्षिणेकडचे. २००६मध्ये आफ्रिकी देशांनी अबुजा येथे खताचा वापर हेक्टरी ८ किलोवरून २०१५पर्यंत ५० किलोवर नेण्याचा ठराव केला होता. ठरावाला दोन वर्षे होतात न होतात तोच भाव आठ-दहापट. इथे बहुतेक ठिकाणी बांधलेली किंमत नाही, मोठे अनुदान नाही, आणि मातीत ठेवही नाही. उष्ण कटिबंधातल्या जुन्या, झिजलेल्या जमिनींत लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे स्फुरद इतके घट्ट धरतात की थोडे खत टाकून पिकाच्या हाती फारसे लागत नाही. आधी जमिनीची भूक भागवावी लागते. जगातले सर्वांत मोठे फॉस्फेटचे साठे याच खंडाच्या वायव्य कोपऱ्यात आहेत आणि त्याच खंडातला शेतकरी ते सर्वांत कमी वापरतो. त्याने २००८मध्ये वापर कमी केला नाही, कारण कमी करण्याजोगे काही नव्हतेच. म्हणून तो कोणत्याही आकडेवारीत ठळक दिसत नाही.

साठ्यांचा वाद

भाव शिखरावर असतानाच 'पीक फॉस्फरस' (इंग्रजी 'पीक', म्हणजे फॉस्फरस उत्पादनाचे शिखर) हा शब्दप्रयोग गाजू लागला. डॅना कॉर्डेल, यान-ओलोफ ड्रांगर्ट आणि स्टुअर्ट व्हाइट यांनी २००९मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात, खनिज तेलासाठी हबर्ट यांनी वापरलेला वक्र (उत्पादन चढते, शिखर गाठते, मग उतरते) फॉस्फेटला लावून उत्पादन २०३०च्या दशकात शिखर गाठेल असा अंदाज मांडला. त्यांनी विषय चव्हाट्यावर आणला हे श्रेय त्यांचेच. पण या वक्राला एकूण साठा किती हे आधी सांगावे लागते, आणि तिथेच घोळ होता. खनिजाचा 'साठा' म्हणून जो आकडा छापतात तो आजच्या भावात, आजच्या तंत्राने काढणे परवडेल तेवढ्याच मालाचा असतो. भाव बदलला, नवे बोअर मारले, जुनी कागदपत्रे कोणी पुन्हा वाचली, की आकडा बदलतो.

झालेही तसेच. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २०१०च्या सुरुवातीला जगाचा साठा १६ अब्ज टन दाखवला होता, त्यात मोरोक्को आणि पश्चिम सहाराचा ५.७ अब्ज. सप्टेंबर २०१०मध्ये आयएफडीसी या खतविषयक संस्थेसाठी स्टीव्हन व्हॅन कॉवेनबर्ग यांनी अहवाल लिहिला आणि मोरोक्कोचा साठा ५० अब्ज टनांच्या वर असल्याचे म्हटले. जानेवारी २०११च्या सरकारी तक्त्यात मोरोक्को ५० अब्ज आणि जग ६५ अब्ज, असे आकडे आले. जमिनीतून एक टनही नवा निघाला नव्हता. त्या वेळच्या खाणकामाच्या वेगाने शंभर वर्षे पुरणारा साठा साडेतीनशे वर्षांवर गेला. पीक फॉस्फरसची बातमी तिथेच थंडावली, बऱ्याच जणांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

मला मात्र हाच तक्ता जास्त काळजीचा वाटतो. ५.७ भागिले १६ म्हणजे ३६ टक्के. ५० भागिले ६५ म्हणजे ७७ टक्के. साठा चौपट झाला खरा, पण वाढलेला जवळजवळ सगळा माल एकाच देशाच्या खाती जमा झाला. 'किती वर्षे' हा आकडा सुधारला आणि 'किती हात' हा बिघडला. २००८मध्ये दगा दुसऱ्याच आकड्याने दिला होता.

त्या खात्यात पश्चिम सहाराही आहे. तिथल्या बू क्रा खाणीतून समुद्रापर्यंत जवळजवळ शंभर किलोमीटरचा पट्टा-वाहक फॉस्फेट आणतो. प्रदेशावरचा हक्क मोरोक्को आणि तिथले सहरावी लोक यांच्यात वादात आहे. मे २०१७मध्ये तिथला माल न्यूझीलंडला नेणारे 'चेरी ब्लॉसम' हे जहाज दक्षिण आफ्रिकेच्या पोर्ट एलिझाबेथ बंदरात न्यायालयीन आदेशाने अडकवले गेले आणि २०१८च्या फेब्रुवारीत तिथल्या न्यायालयाने माल सहरावी पक्षाचा ठरवला. भूगर्भशास्त्राच्या तक्त्यात असा धोका कोणत्याच रकान्यात बसत नाही.

बाजाराने काय केले, सरकारांनी काय केले

बाजाराने अपेक्षित तेच केले : चढ्या भावाची आठवण ताजी असताना क्षमता वाढवली. ओसीपीने खुरिब्गाच्या खाणीपासून जोर्फ लास्फरच्या कारखान्यांपर्यंत खडकाचा गाळ पाण्याबरोबर वाहून नेणारी नळवाहिनी २०१४मध्ये सुरू केली. सौदी अरेबियाची मादेन ही खाणकंपनी २०११पासून नवी पुरवठादार म्हणून उतरली. विक्रेत्यांत एका नव्या नावाची भर पडली, ही चांगली गोष्ट. पण नव्या क्षमतेने भाव पुन्हा पाडले. २०२०मध्ये खडकाची सरासरी ७६ डॉलर होती. त्या स्वस्ताईत सांडपाण्यातून, राखेतून स्फुरद काढणारे प्रकल्प उभे राहणे कठीण झाले. दोन संकटांच्या मधला काळ हाच तयारीचा, आणि नेमक्या त्याच काळात बाजारभाव तयारीच्या विरोधात बोलतो.

म्हणून युरोपातल्या काही सरकारांनी भावाची वाट न बघता कायदा केला. स्वतःचे साठे जवळजवळ नसल्यामुळे युरोपीय संघाने २०१४मध्ये रॉक फॉस्फेट महत्त्वाच्या आणि धोक्यातल्या कच्च्या मालांच्या यादीत घातले. स्वित्झर्लंडने २०१६च्या कचरा नियमावलीत सांडपाण्याच्या गाळातून स्फुरद परत मिळवणे बंधनकारक केले. जर्मनीने २०१७मध्ये गाळविषयक नियम बदलले : एक लाखाहून अधिक लोकसंख्येएवढे सांडपाणी हाताळणाऱ्या केंद्रांना २०२९पासून, पन्नास हजारांच्या वरच्यांना २०३२पासून, गाळाच्या कोरड्या वजनात किलोमागे २० ग्रॅम किंवा जास्त स्फुरद असेल तर ते काढावेच लागेल.

तंत्रे दोन वाटांनी जातात. पहिल्या वाटेवर पाण्यातच मॅग्नेशियम घालून स्ट्रुव्हाइटचे (मॅग्नेशियम-अमोनियम फॉस्फेटचे) खडे पाडतात. हेच खडे आपोआप तयार होऊन केंद्रांचे पाइप तुंबवतात, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी हे यंत्र देखभालीचा खर्च वाचवण्यासाठी आले, खत हा वरकड लाभ. यात येणाऱ्या स्फुरदाचा थोडाच भाग हाती लागतो. दुसऱ्या वाटेने गाळ वेगळा जाळून राखेतून आम्लाने स्फुरद काढतात. त्यात ८०-९० टक्के परत मिळू शकते, पण भट्टी, आम्ल, जड धातू वेगळे करणे असा सगळा पसारा येतो. हॅम्बुर्गने राखेची वाट धरली. १६६९मध्ये हेनिग ब्रँड या किमयागाराने मूत्र उकळून उकळून जगात प्रथम फॉस्फरस वेगळा केला तो याच शहरात. त्याला सोने हवे होते.

कायदा स्तुत्य असला तरी त्याची झेप किती, हे मोजायला हवे. कॉर्डेल यांच्याच हिशेबात शेतीसाठी वर्षाला सुमारे दीड कोटी टन स्फुरद खणले जाते आणि अन्नातून माणसाच्या पोटात जाते फक्त तीस लाख टन. जगातले सगळे सांडपाणी शंभर टक्के पिळले तरी खणलेल्याच्या पाचव्या हिश्श्यापलीकडे काही मिळणार नाही. बाकीचे आधीच गळालेले असते : खाणीतल्या धुतलेल्या मातीत, धूप होऊन वाहून गेलेल्या शेतात, जनावरांच्या शेणात. शेणामुतात दरवर्षी जाणारे स्फुरद खणलेल्या स्फुरदाच्याच तोडीचे आहे. जिथे जनावरे एका भागात आणि चाऱ्याची शेते दुसऱ्या भागात असतात, तिथे एकीकडे स्फुरद साचून तळी हिरवी होतात आणि दुसरीकडे खत विकत आणावे लागते. गळतीची सर्वांत मोठी जागा हीच, आणि तिला भिडणारे कायदे सर्वांत कमी. शेण जड, ओले, दूर न्यायला महाग. त्याबद्दल चकचकीत प्रकल्प उभारून फीत कापता येत नाही.

२०२१ : तोच प्रयोग पुन्हा

ऑक्टोबर २०२१मध्ये चीनने खतनिर्यातीवर सक्तीची तपासणी लावली आणि जहाजे थांबली. त्याच वर्षी अमेरिकेने मोरोक्कोच्या फॉस्फेट खतांवर २० टक्क्यांच्या आसपास प्रतिशुल्क (परक्या सरकारच्या अनुदानाला उत्तर म्हणून लावलेले आयात शुल्क) लावून स्वतःच्याच पुरवठ्याचे एक दार अरुंद केले होते. फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनयुद्ध सुरू झाले. रशिया हा फॉस्फेट खतांचा मोठा निर्यातदार. गंधक पुन्हा चढले. एप्रिल २०२२मध्ये डीएपी ९५० डॉलरच्या वर होते.

पात्रे जवळपास तीच. चीनचे बंद दार, इंधनाची आग, गंधकाची उसळी, आणि खाणींत भरपूर माल. २००८ आणि २०२२ यांच्या मध्ये जाहीर साठा चौपटीहून जास्त वाढला होता. त्याचा भावावर काडीचाही परिणाम दिसला नाही. साठ्यांच्या वादात घातलेला वेळ कशाच्या बदल्यात गेला, ते या एका निरीक्षणातून दिसते.

फरक पडला तो दोन ठिकाणी. युरोपात गाळातल्या स्फुरदाचा कायदा आधीच झालेला होता, तो भावाच्या चढउताराने मागे घ्यायची गरज पडली नाही. आणि चीनच्या दारामागे आता नवा गिऱ्हाईक उभा होता : विजेच्या गाड्यांतल्या लोह-फॉस्फेट बॅटऱ्या. त्यांना लागणारे शुद्ध फॉस्फोरिक आम्ल खताच्या तुलनेत अजून थोडेच आहे, पण हा गिऱ्हाईक शेतकऱ्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजू शकतो. तिकडे पेट्रोल-डिझेल कमी जाळायचे ठरले तर तेलशुद्धीतून येणारे गंधकही कमी होणार. म्हणजे बॅटरीवरची गाडी फॉस्फेटच्या बाजाराला दोन्ही टोकांनी ओढते. याचा हिशेब खतखात्यांच्या टेबलावर असायला हवा; सध्या तो वाहनउद्योगाच्या टेबलावर आहे.

जर्मनीतल्या मुदतीकडे आता लक्ष आहे. तिथला वाद तंत्रापेक्षा खर्चाचा आहे : खडक स्वस्त असेल त्या वर्षी राखेतले स्फुरद महाग पडणार आणि तो फरक सांडपाण्याच्या आकारातून भरावा लागणार. एका माणसामागे वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो स्फुरद सांडपाण्यात जाते, त्यामुळे माणशी बोजा फार नसावा, असे मला वाटते. नगरपालिकांना तसे वाटत नाही. नियमात मात्र एक शहाणी पळवाट ठेवलेली आहे. राख लगेच प्रक्रियेला घालणे परवडत नसेल, तर ती इतर कचऱ्यात न मिसळता, पुढे कधीही काढता येईल अशी वेगळी साठवून ठेवता येते.